मोहफुलाच्या मित्राची चौकशी

आता ही फजिती कोणत्या टोकाकडून धरू? आधी चहा हातात घ्या. मधेच उठलात तर मी किती मूर्ख आहे याचा अर्धाच अंदाज येईल तुम्हाला, आणि अर्धं माप देणं आमच्या धंद्यात बसत नाही.

धंदा धानाचा. मूलच्या बाजारात माझं दुकान. शिक्षण सातवी, बाकीचं शिकलो ते पोत्यांकडून. इंग्रजी अक्षरं खताच्या गोण्यांवर वाचली, तेलुगूची चार वाक्यं ट्रकवाल्यांकडून उचलली, आणि माणसं ओळखायला शिकलो ते परखीवरून. परखी म्हणजे ती टोकदार लोखंडी पन्हळी हो. पोत्यात खुपसली की मधला दाणा बाहेर येतो. पोतं फोडायचं नाही, शेतकऱ्याचं मन दुखवायचं नाही, आणि आत काय भरलंय ते घटकेत कळतं. मला वाटायचं, जगातली कुठलीही गोष्ट अशीच तपासता येते.

मग आलं इंटरनेट!

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईचं एसटीडी बूथ होतं. त्याच्या आधी तो घड्याळं दुरुस्त करायचा. घरोघरी फोन झाले, बूथ ओस पडलं, तसे त्यानं तीन कम्प्युटर आणले आणि मधे प्लायवूडचे आडोसे ठोकून खोपे केले. सगळं गाव तिथे जायचं, कोणी निकाल पाहायला, कोणी फॉर्म भरायला, आणि पोरंपोरी गप्पा मारायला. गप्पा मारायच्या तर समोरासमोर बसून माराव्या, त्यासाठी तासावर पैसे कशाला द्यायचे, हे मला अजून समजलेलं नाही. पण ते असो.

माझी एकुलती एक पोरगी प्रणाली त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नागपूरला राहून औषधशास्त्र शिकायचं होतं. माझी ना नव्हती. ना होती ती तिच्या आईची, म्हणजे आमच्या सुनंदाची. दोन महिने घरात तोच विषय, वरणात तोच, भातात तोच. शेवटी सुनंदा कशीबशी तयार झाली, पण एक अट घालून. पोरीबद्दल एक जरी वाकडा शब्द कानावर आला, तर नागपूर बंद. कॉलेजचा आणि होस्टेलचा फॉर्म भरून कपाटात ठेवलेला होता. शनिवारी नागपूरला नेऊन द्यायचा, तोच शेवटचा दिवस.

त्याच्या आदल्या शनिवारची ही सुरुवात.

खरं म्हणजे प्रणालीनं मला काही लपवून ठेवलं नव्हतं. दोस्तांच्या ओळखी करून देणारी एक साइट तेव्हा फार चालायची. तिच्यावरचं आपलं पान तिनं मला स्वतः सलीमच्या दुकानात बसवून दाखवलं होतं. नाव टाकलं होतं मोहफूल. फोटोच्या जागी मोहाच्या फुलांचं चित्र. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. मला तर वाईटच वाटलं. मी म्हटलं, "एवढं चांगलं नाव ठेवलं आमी, ते काऊन नाई टाकलं? आन् खाली दुकानाचं नाव टाक ना, जाहिरात होते."

ती नुसती हसली. पोरं अशी हसली की बापानं समजून घ्यावं. मी नाही घेतलं.

तर त्या शनिवारी बाजारात कोणीतरी सांगितलं की त्याच्या साळ्याच्या गावातली एक पोरगी कम्प्युटरवरच्या ओळखीत फसली. कशी फसली, काय झालं, त्याला काही माहीत नव्हतं. पण सांगताना त्यानं मान अशी हलवली की माझी पावती लिहायची राहिली. समोर काट्यावर धान चढत होतं आणि मला नुसतं मोहाचं फूल दिसत होतं. दुपारचं जेवण उतरेना. शेवटी चप्पल घातली आणि सलीमकडे गेलो.

म्हटलं, "मोहफूल उघड."

सलीमनं चष्मा वर केला. "शेठ, ये बराबर नाई वाटत. पोरगी घरचीच आहे ना? तिलेच विचारा."

किती सोपी गोष्ट सांगितली होती त्यानं! दोन मिनिटांचं काम होतं. पण मी पडलो व्यापारी. पोतं फोडायचं नाही, बाहेरूनच परखी लावायची. मी हटून बसलो. त्या काळी त्या साइटवर कोणाचंही पान कोणालाही पाहता यायचं, म्हणून सलीमनं तोंड वाकडं करत ते उघडलं.

तिथे एक वही असायची. ज्याला वाटेल त्यानं तुमच्या वहीत येऊन लिहायचं, आणि ज्याला वाटेल त्यानं ते वाचायचं. आमच्या गावच्या चावडीवरचा फळाच म्हणा. मैत्रिणींचे निरोप होते, परीक्षा, निकाल, गमतीजमती. आणि मधेमधे, डाळीत खडे यावेत तसा एक मंगेश. 'हाय, मूलची का?' 'फोटो टाक ना.' 'नंबर दे.' 'रागावली का?' 'आज दिसली नाही.' आणि सगळ्यात शेवटी, 'कोणाला सांगू नको, आपल्या दोघांतच ठेवू.'

दोघांतच ठेवू म्हणजे काय ठेवू? रागावली का म्हणतो, म्हणजे रागावण्याइतकी ओळख आहे? बरं, प्रणालीची उत्तरं पाहावी तर एकही नाही. म्हणजे पुसून टाकली! सलीम म्हणायला लागला, "शेठ, उत्तर इथी नसते, ते दुसरीकडे…" मी त्याला तिथेच थांबवलं. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या ट्रकातलं धान मी वासावरून ओळखतो, मला हा घड्याळवाला शिकवणार?

मग त्या मंगेशचं पान पाहिलं. गाव लिहिलं होतं सिंदेवाही. फोटोत गोरासा, पंचविशीचा पोरगा, हात बांधून उभा. आणि मागे ट्रॅक्टरची ट्रॉली. निळी ट्रॉली, तिच्यावर रंगवलेला मोर, आणि मोराच्या पिसाऱ्यावरून आडवी वेल्डिंगची पट्टी गेलेली.

माणूस मी विसरतो, पण ट्रॉली नाही विसरत. मोसमात शेकडो ट्रॉल्या माझ्या दारात उभ्या राहतात. ही होती सिंदेवाहीच्या शामरावजींची. चांगलं शेतीवाडीचं घर. मंगेश त्यांचाच पोरगा. सलीमकडून ती दोन्ही पानं छापून घेतली, घडी करून खिशात घातली, आणि घरी कोणाला एक अक्षर बोललो नाही. सुनंदाला कळलं असतं तर फॉर्म त्याच दिवशी चुलीत गेला असता. प्रणालीला विचारायची हिंमत होत नव्हती. ती खोटं बोलली असती तर? आणि खरं बोलली असती तर?

रविवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि सिंदेवाही गाठली.

बेत असा होता. उन्हाळी धान शिल्लक आहे का, असं विचारत जायचं आणि गप्पांच्या ओघात पोराची माहिती काढायची. पोरगा कसा आहे, कुठे जातो, कोणासोबत असतो. एकदा नीट कळलं की मग शामरावजींना बाजूला घेऊन दोन शब्द सुनवायचे. हाय का नाई हुशारी?

शामरावजी अंगणातच भेटले. मंगेश शेतावर गेला होता. खाट टाकली, पाणी आलं. धानाचं बोलणं दोन मिनिटांत संपलं, कारण धान होतंच कुठे, ते त्यांनी महिन्याआधीच विकलं होतं. मग मी परखी लावली. पोरगा काय करते? संध्याकाळी कुठी असते? दोस्त कसे आहेत? खर्रा-तंबाखू खाते का? दारू? राग येते का लवकर? मोबाइल हाय का त्याच्याजवळ?

शामरावजी एकेका प्रश्नाला सावरून बसत उत्तर देत होते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी टोपी सारखी केली. पाचव्याला आत जाऊन आले. मी मनात म्हटलं, घाबरला. पोराचे प्रताप याला ठाऊक आहेत.

मग पोहे आले. आमच्याकडे धानाच्या व्यापाऱ्याला काळा चहा देतात, तोही फुटक्या कपात. मला पोहे आले, वरून लिंबू. पोह्यांमागून शिरा आला. दारामागे बांगड्यांचा आवाज वाढला. शेजारच्या घरातून एक म्हातारी येऊन मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून गेली. मला वाटलं, पाहा, गुन्ह्यावर पांघरूण घालायला किती गोड वागून राह्यले!

तुम्ही आता कपाळाला हात लावला असेल. पोरीचा बाप दुसऱ्या गावी जाऊन जवान पोराच्या सवयी विचारतो म्हणजे काय, हे आपल्या भागातलं शेंबडं पोर सांगेल. मला नाही कळलं! मी स्वतः माझ्या दोन भाच्यांच्या सोयरिकी जमवल्या आहेत, अगदी याच प्रश्नांनी, अगदी याच क्रमानं. पण डोक्यात इंटरनेट शिरलं की बाकी सगळं बाहेर जातं.

शामरावजींची बायको बाहेर येऊन बसली. तिनं पदर सारखा करून विचारलं, मला लेकरं किती. झालं. मला कोणी आपुलकीनं विचारलं की माझं पोतं तळातून उसवतं. एकच पोरगी, प्रणाली. बारावी झाली, इतके टक्के पडले. नागपूरला जायचं म्हणते. घर अमुक गल्लीत, दुकानाच्या मागं. फोन नंबर हा घ्या. आणि खिशातलं पाकीट काढून फोटोही दाखवला. फॉर्मसाठी काढलेल्या फोटोंतला एक उरला होता माझ्याजवळ. बाईंनी तो घेतला, "आतमंधी आत्याबाईले दाखवतो," म्हणाल्या, आणि फोटो आत गेला तो बाहेर आलाच नाही. परत मागायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. जे सुनवायला गेलो होतो, ते शिऱ्याबरोबर गिळून मी परत आलो. इतक्या पाहुणचारानंतर कडू बोलायला जीभ वळेना.

मंगळवारी दुकानात फोन वाजला. शामरावजी. म्हणाले, "शेठजी, घरात सगळ्यांशी बोलणं झालं. मंगेशशी बी झालं. आमी गुरुवारी येऊन राह्यलो तुमच्याकडं."

मला काय वाटलं असेल? माणूस मनानं मोठा! पोराला दटावलं, पोरानं कबूल केलं, आता घरी येऊन माफी मागणार. छाती भरून आली. पण मग लक्षात आलं की माणसं घरी येणार म्हणजे सुनंदाला सांगावं लागणार.

सांगितलं. तिच्या हातातली पळी तशीच राहिली. मी ती छापलेली पानं दाखवली. ती वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मी म्हटलं, घाबरू नको, ते लोक माफी मागायले येऊन राह्यले. ती उठली, कपाटातून फॉर्म काढला, आणि आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

प्रणाली संध्याकाळी घरी आली तेव्हा नागपूर बंद झालेलं होतं. तिनं काऊन म्हणून विचारलं. आईनं ट्रंकेकडे बोट दाखवलं. मग पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गुरुवारी कळेल. दोन दिवस पोरगी घरात अशी वावरली, की मला दुकानात बसवेना आणि घरात जाववेना. ती रडली असती तर बरं झालं असतं. पण ती रडली नाही, तिनं नुसतं नागपूरसाठी भरलेलं पुस्तकांचं खोकं कोपऱ्यात उघडून पुन्हा पुस्तकं बाहेर काढून ठेवली. बाप म्हणून तेवढं पुरेसं होतं मरायला.

गुरुवारी अकरा वाजता दारात जीप थांबली. मी मोजली, नऊ माणसं उतरली. चार बायका, कोऱ्या साड्या. हातात नारळ, पिशवीत खणासारखं काहीतरी. शेवटी मंगेश उतरला, पांढरा शर्ट, केसांना तेल, नजर जमिनीवर. मला वाटलं, माफी मागावी तर अशी. काय ही खानदानी रीत!

सगळे बसले. पाणी झालं. सुनंदा दाराला टेकून उभी, पदर तोंडाशी. शामरावजी म्हणाले, "मंग बोलवा पोरीले."

मी म्हटलं, "पोरीले कायले? आपण मोठ्यायनंच मिटवून टाकू."

"पोरीले पाह्यल्याबिगर कसं मिटते शेठजी?"

"पाह्यचं काय त्याच्यात? तुमच्या पोरानं कबूल केलं ना?"

"तो तर पह्यल्याच दिवशी हो म्हणाला," बाई कौतुकानं म्हणाल्या. मंगेशनं मान आणखी खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते.

मला ते कौतुक काही पटलं नाही. मी जरा आवाज चढवला. म्हटलं, हो म्हणाला ते ठीक आहे, पण पुन्हा करणार नाही असं सगळ्यांसमोर सांगू दे.

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. शामरावजी सावकाश म्हणाले, "लगन पुन्हा कोण करते शेठजी?"

त्यांच्या हातातल्या नारळाकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पोहे आठवले. शिरा आठवला. म्हातारी आठवली. आणि माझ्या पायाखालची फरशी, जी मी स्वतः बसवून घेतली होती, ती सरकली.

आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी खिशातली पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली. शामरावजींनी ती लांब धरून वाचली. मग मंगेशच्या हातात दिली. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तो म्हणाला, "हा फोटो माहाच आहे. चुलतबहिणीच्या लग्नात काढला होता. पण हे म्या नाई लिह्यलं. मले कम्प्युटर चालू कुठून होते ते बी नाई मालूम."

त्याची माय रडायला लागली. शामरावजी मला नाही, त्या कागदालाच विचारल्यासारखे म्हणाले, "माह्या पोराचं तोंड लावून कोण बोलून राह्यला मंग?"

तेवढ्यात प्रणाली आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. न विचारता तिनं मंगेशच्या हातातून कागद घेतला, एकदा पाहिला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हा माणूस दोन महिन्यांपासून विचारून राह्यला. नाव, गाव, फोटो, नंबर. म्या एक बी नाई सांगितलं. एकदाच लिह्यलं, ओळख नाई, इथी लिहू नोका. ते उत्तर त्याच्या वहीत जाते, माह्या वहीत नाई दिसत. तिथं तसंच असते. सलीमचाचांनी नाई सांगितलं?"

सांगत होते. मी थांबवलं होतं.

"तुमी एका बैठकीत सगळं देऊन आले. नाव, गल्ली, टक्के, फोटो. उंची बी सांगितली असेल."

"उंची नाई सांगितली," मी म्हटलं. निदान तेवढं तरी वाचवावं म्हणून.

शामरावजी खाली पाहत म्हणाले, "सांगितली होती शेठजी. पाच फूट तीन. रक्तगट बी सांगितला होता."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. प्रणालीनं मग हळू आवाजात जे विचारलं, ते मला चार दिवसांत सुचलं नव्हतं. ती बाईंना म्हणाली, "माहा फोटो कुठी आहे?"

बाईंनी डोळे पुसत सांगितलं. सोमवारी त्यांची बहीण आली होती धानोऱ्याहून. आपल्या घरी दाखवायला म्हणून ती फोटो घेऊन गेली. मागे नावगाव लिहून.

प्रणाली म्हणाली, "ज्यानं मंगेशचा फोटो उचलला, तो यायच्याच सोयऱ्याधायऱ्यातला नाईतर ओळखीतला असंन. लग्नातला फोटो दुसऱ्याले कुठून भेटंन? आन् माहा फोटो त्यायच्याच घरोघरी फिरून राह्यला."

जे त्या माणसाला दोन महिने मागून मिळालं नव्हतं, ते मी पेट्रोल जाळून त्याच्या अंगणात नेऊन टाकलं होतं. बाकी फजिती हसण्यावारी नेता येते, ही नाही येत.

त्याच दुपारी प्रणाली, मंगेश आणि शामरावजी सलीमच्या खोप्यात दाटीवाटीनं बसले आणि ते खोटं पान बंद करावं म्हणून साइटवाल्यांना कळवलं. मला सलीमनं बाहेरच्या बाकावर बसवलं. वर चहा पाठवला.

शुक्रवारी सकाळी मी आणि मंगेश धानोऱ्याला निघालो. रस्त्यानं जो पोरगा हातात मोबाइल घेतलेला दिसे, तो मला तोच वाटे. मंगेशच्या मावशीकडे फोटो नव्हता. तिनं तो जावेला दाखवायला दिला होता, जावेनं शेजारणीला, शेजारणीनं आपल्या नणंदेला. चार घरं फिरलो. प्रत्येक घरी पहिला प्रश्न एकच, पोरगी कोणाची, कुठली. आणि प्रत्येक घरी माझं तोंड आपोआप उघडायचं. प्रत्येक घरी मंगेश माझ्या पायावर पाय ठेवायचा आणि म्हणायचा, "काकाजी, तुमी पाणी प्या." चौथ्या घरात फोटो सापडला, बांगड्यांच्या डब्यात, हळदीच्या बोटाचा ठसा उमटलेला. सगळ्यांनी पोरगी चांगली आहे म्हणून सांगितलं. मी पहिल्यांदाच कोणाला काही उत्तर दिलं नाही.

तो माणूस कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आठवड्याभरात पान बंद झालं. मंगेशचं पुढच्या वर्षी लग्न झालं, दुसरीकडे. शामरावजींचं धान अजून माझ्याकडेच येतं, पण तेव्हापासून ते माझ्या चहाला हो म्हणत नाहीत. मी सोयरीक जमवायला लागेन अशी भीती वाटते म्हणतात.

आणि नागपूर? शुक्रवारी संध्याकाळी मी फोटो प्रणालीच्या हातात दिला. सुनंदानं ट्रंकेचं कुलूप काढलं. फॉर्म पोरीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं आपण दोघी जाऊ. मले तुहं भेव नाई वाटत आता."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी लगेच विचारलं, होस्टेल कोणतं, कोणत्या भागात, खोली कितव्या मजल्यावर मिळेल.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "एकच ध्यानात ठेव," ती म्हणाली. "होस्टेलचा पत्ता तुह्या बाबाले सांगू नोको."

थट्टा वाटली ना तुम्हाला? मलाही वाटली होती. पोरगी चार वर्षं नागपुरात शिकली. चिवड्याचा डबा मी बांधायचो, सुतळी मी आवळायचो, आणि पत्ता सुनंदा आतल्या खोलीत दार लावून लिहायची. मग पार्सल सलीमभाई टाकून यायचा, कारण त्याच्यावर दोघींचा भरवसा.

त्या चार वर्षांत बाजारात किती जणांनी विचारलं, शेठ, पोरगी नागपुरात कुठं राहते? मी म्हणायचो, मले नाई मालूम. लोक एकमेकांना सांगायचे, शेठ भारी सावध माणूस आहे हो, पोरीच्या बाबतीत कोणाला ताकास तूर लागू देत नाही.

मी गप्प बसायचो. खरंच मालूम नव्हतं ना!